दोन बाटल्यांतले लाल खडे

ता. २ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद,
वि. वि. तुझी पेटी पोचली. कपडे, वह्या आणि दोन काचेच्या बाटल्या. हमाल साठ म्हणत होता, चाळीसवर आणला. तुमच्या प्रयोगशाळेचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत सगळं इथे सुखरूप राहील. दोन्ही बाटल्यांत तेच साखरेसारखे खडे, म्हणून एकीत ओतून दुसरी धुऊन ठेवली. चांगल्या बुचाची बाटली उगाच कशाला अडकवायची? वाण्याच्या नोटा तपासायच्या दिव्याखाली धरले तर लालभडक उजळले! देवाची करणी अगाध आहे. वेळेवर जेवत जा.
तुझी आई

ता. ६ जून

ति. आईस सा. न. वि. वि.
काय केलंस गं हे! एका बाटलीतले खडे उजवे होते, दुसरीतले डावे. खड्यांतला धातू तोच, बाकीचंही तेच, पण घडण आरशातल्यासारखी उलटी, आपल्या दोन हातांसारखी. एकाचा उजेड उजवीकडे पीळ घेत निघतो, दुसऱ्याचा डावीकडे. एकत्र केले की पीळ खोडले जातात, उरतो साधा लाल दिवा. ते वेगळे करण्यात माझी दोन वर्षं गेली. पंचवीसला परीक्षकांना दोन्ही दाखवायचे आहेत, नाहीतर पदवी वर्षभर लांबली. चिठ्ठ्या लावल्या नाहीत, ही चूक माझीच. रागावले नाही, रडले फक्त. बाबांना नमस्कार.
तुझी धाकटी

ता. ११ जून

चि. धाकटीस आशीर्वाद,
पत्र चारदा वाचलं, डोकं गरगरलं. उजेड पीळ घ्यायला ती काय सुतळी आहे? बाबा म्हणाले, आता तरी कशाला हात लावू नकोस. पण डावा-उजवा हातमोजा मला कधी चुकत नाही. मोजे चढवले, बाबांचं भिंग घेतलं आणि खडे पांढऱ्या कागदावर पसरले. काहींचा एक कोपरा उजवीकडे छाटलेला, काहींचा डावीकडे. खडा फिरवला की बाजू बदलेल या भीतीने दहादा फिरवून पाहिला. नाही बदलत! तांदूळ निवडून निवडून तयार झालेले डोळे माझे. तीन दिवस चिमटा घेऊन बसले. मोडके, संशयाचे बाजूला काढले. आता दोन बशा झाल्यात.
पण उजवी कुठली आणि डावी कुठली? कोपरा उजवीकडे म्हणजे उजेडही उजवीकडेच, की नेमकं उलटं? मला काही म्हणता काही कळत नाही. की तशाच पाठवू, तुमचं यंत्र सांगेल? उलट टपाली कळव. तोवर त्या खोलीत मी बाबांना शिंकूही देत नाहीये.
तुझी आई