जर्दाळू रंगाचा घोस

टिटवाळा

प्रिय आनंद,

तू बरा असशील. मी बरा नाही. आडवळणाने लिहायला मला जमत नाही, म्हणून सरळ विचारतो. गणपतीत तू आलास तेव्हा मी दवाखान्यात होतो. हेमाली म्हणते, तू गॅलरीत पाऊण तास एकटाच होतास. एका कप चहाला पाऊण तास? तिला विचारलं, काय करत होता? तर म्हणते, बाबा, मी काय पहारा देत होते का? सून तुझीच बाजू घेते, हेही मला खटकलं.

कारण दिवाळीत गॅलरीतल्या माझ्या गुलाबाला पांढरी, पाच पाकळ्यांची, बिनवासाची फुलं आली. मी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, खडवलीच्या आनंदने झाड बदललं.

ते झाड कसं झालं ते पुन्हा लिहितो, म्हणजे तुला विसरल्याचं सोंग करता येणार नाही. आपण दोघं कामाला होतो त्या नर्सरीतला फिका, घोसाने फुलणारा गुलाब, मालक ज्याला फ्लोरिबंडा म्हणायचे, ती आई. आवडाबाईच्या दारचा वासाचा गावठी गुलाब, तो बाप. केसर मी चिमट्याने खुडले, पराग तू लावलास. बोंडातून चाळीस बिया निघाल्या, सात रुजल्या, आणि एकीलाच जर्दाळू रंगाचे घोस आले. वास असा, की निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून यायच्या. नर्सरी मोडली तेव्हा जंगली गुलाबाच्या खुंटावर, सालीला चीर देऊन, त्याचा डोळा, म्हणजे अंकुर, बसवून मी एकच कलम घरी आणलं. तू चारदा काडी मागितलीस. मी चारदा नाही म्हटलं. मग संशय दुसऱ्या कोणावर घेऊ?

हे पत्र मुलाला, विनीतला, न सांगता टाकतोय. फोन तोच उचलतो, आणि मला अर्धंच सांगतो.

काल बुंध्यावरून बोट फिरवलं. सगळे फुटवे कलमाच्या सांध्याच्या खालचे, जंगली खुंटाचे. वरची फांदी कात्रीने कापलेली, काप डावखुऱ्याचा. आपल्या दोघांत डावखुरा मीच. पितृपक्षात जंगली फुटवा काढायला बसलो होतो. हल्ली धूसर दिसतं, घरात बोललो नाही. जंगली राखला आणि कलम छाटलं. बदनाम तुला केलं. त्याबद्दल काय म्हणायचं ते समोर आल्यावर म्हण, मी ऐकून घेईन.

पण तुझ्यावरचा संशय मी सोडत नाही, सोडवत नाही. त्या पाऊण तासात तू एखादी काडी कापून नेलीसच असशील. नेली असशील तर जगली का, एवढंच लिही. नेली नसशील, तर आनंद, तो गुलाब आता कुठेच नाही.

तुझाच,
दामाजी