येतो म्हणावं

जालना, मंगळवार, १२ जुलै १९९४

आज कागदात न बघता कॉम्प्युटरला सगळ्या कमांड बराबर दिल्या. फायली फ्लॉपीवर उतरल्या, कुठंच अडलो न्हाई. पण सांगायचं कुणाला? हापिसातले सगळे निघून गेल्ते, अन् घरी तरी कोण हाय आता? काळ्या पडद्यावर ती बारीक रेघ तेवढी लुकलुकत होती, मी काय लिहितो याची वाट बघत. निघताना गंमत म्हणून इंग्रजी अक्षरांत 'जातो' लिहिलं. 'बॅड कमांड' म्हणे! बायको दारात अशीच डाफरायची, "जातो न्हाई, येतो म्हणावं." मंग 'येतो' लिहिलं. तरी बॅड कमांडच. रेघ लुकलुकत राह्यली.

ती असती तर "या जल्दी" म्हणाली असती.