मुक्ताच्या अक्षरातलं पोस्टकार्ड

मी, बद्रीनाथ लक्ष्मण उमरकर, वय वर्षे एकाहत्तर, मूळचा रिसोडचा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, राहणार विश्रांतवाडी, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था सांगून ठेवतो. मी शुद्धीवर असल्याचा दाखला डॉ. शेफाली दामले यांनी दिला आहे. दुपारी एक ते चार मी झोपतो, ती वेळ दाखल्यात धरू नये. हे लिहून घेत आहेत शेजारी सुखदेव वाघमारे. अक्षर त्यांचं, शब्द माझे. असं का, ते पुढे येईल.

कलम १. दीड खोलीचं घर, अंगण आणि सीताफळाचं झाड माझी एकुलती एक मुलगी सृष्टी हिला. ती खराडीला नोकरी करते. दीड वर्षापासून माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात तिची काहीही चूक नाही.

कलम २. ब्रश, टाक, बोरू आणि शाईच्या दौती सुखदेव यांना. कारखान्यात मी पेट्यांवर अक्षरं रंगवायचो. कोणाचंही अक्षर एकदा पाहिलं की माझ्या हातात उतरायचं. (सुखदेव म्हणतात, "मला नको तुमचे टाक." तरी लिहा म्हटलं.)

कलम ३. रावसाहेब नावाच्या बांधकामवाल्या धनिकांना माझ्या तेराव्याला बोलावू नये. आलेच, तर सोबतची गर्दी भाड्याची आहे का, तेवढं पाहावं.

कारण सांगतो. त्यांचा आमोद नावाचा माणूस एकदा घरी आला. फार गोड बोलणं. "काका, जनतेची चळवळ उभी करायचीय. नाव, 'संस्कार जागर'."

मी म्हटलं, "बरं. जनता कुठाय?"

"ती तुम्ही लिहायची."

आमच्या भागातली महापालिकेची अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी असायची. मुलींनी सातच्या आत घरी यावं, म्हणून ती सातला बंद करा, अशी हजार पोस्टकार्डं महापालिकेत जायला हवी होती. मजकूर आमोद आणायचा, रावसाहेबांच्या ऑफिसच्या कागदावर. खाली नाव मात्र 'सर्वसामान्य पुणेकर'. रावसाहेबांनी विश्रांतवाडीत कधी पाऊल ठेवलं नाही. त्यांची नात परदेशात शिकते, तिथली वाचनालयं म्हणे रात्रभर उघडी असतात. असोत बापडी. पैसे चोख मिळाले, घराची फरशी त्यातलीच आहे.

एकट्यानं त्रेचाळीस वळणांची अक्षरं काढली. नुसती अक्षरं निघेनात, म्हणून प्रत्येकाला माणूस जोडला. धानोरीचा दूधवाला शंभू, त्याचं अक्षर घाईचं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, त्यांच्या ओळी सरळसोट. कॉलेजातला सार्थक, ओळ चढणीला लागलेली. तीच माणसं आता दुपारी स्वप्नात येतात. फाटक वाजत नाही, पण अंगण भरलेलं असतं. सीताफळाखाली सगळी बसतात, उन्हात त्यांच्या सावल्या पडत नाहीत, आणि चहा कितीही ओतला तरी किटली रिकामी होत नाही. परवा शंभू हळूच म्हणाला, "काका, मला खरंच असं वाटत होतं का हो?"

मी म्हटलं, "चहा घे."

या त्रेचाळीस जणांना माझ्या सगळ्या दुपारी दिल्या. दुसरं त्यांना देण्याजोगं माझ्याकडे नाही.

कलम ४. खरं सांगायचं तर माणसं बेचाळीसच होती. त्रेचाळिसावं अक्षर माझ्या बायकोचं, मुक्ताचं. ती जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हजार भरत आली होती, हात दमला होता, नवीन माणूस सुचेना. आपोआप तिच्या वळणाचं अक्षर उतरलं. एकच कार्ड. 'मी एक आई आहे, माझ्या मुलीची मला काळजी वाटते.' आणि नेमका त्याच कार्डाचा फोटो पेपरात आला.

सृष्टीचा फोन आला. "बाबा, आई कधीपासून पत्रं पाठवायला लागली?"

तिनं फोन ठेवला. पुढच्या महिन्यात अभ्यासिका सातला बंद होऊ लागली.

मुक्ता चौथीपर्यंत शिकलेली. सृष्टी त्याच अभ्यासिकेत अभ्यास करायची, तेव्हा ही बाहेर पायरीवर डबा घेऊन बसायची आणि सृष्टीच्या जुन्या वहीत अक्षरं गिरवायची. तिला तिचं अक्षर त्या पायरीवर मिळालं. मी त्याच अक्षरानं ते दार बंद केलं. मला लाज वाटते. ती स्वप्नात येते, पण अंगणात बसत नाही. लांब पायरीवर बसते, वहीवर पेन फिरवते, आणि पान कोरंच राहतं.

ती वही सृष्टीला. शेवटच्या पानावर आहे, 'सृष्टी डबा गार झाला. होऊदे. नऊ वाजूदे. तू वाच मी बसलेय.' सृष्टी, तुझ्या आईचं मत ते. पोस्टकार्डावरचं माझं.

कलम ५. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत त्रेचाळीस अक्षरांचे नमुने आणि आमोदनं आणलेले मूळ कागद आहेत. माझ्या मृत्यूनंतर सुखदेव यांनी ते महापालिकेत आणि त्याच पेपरात द्यावेत.

इथं सुखदेव यांनी पेन खाली ठेवलं. चळवळीच्या वेळी मी त्यांनाही कार्डं लिहायला विचारलं होतं, तेव्हा ते 'नाही' म्हणून सरळ उठून गेले होते. आज उठले नाहीत. म्हणाले, "अहो उमरकर, मेल्यावर खरं बोलायला काय जातं? पोरी आत्ता सातला बाहेर निघताहेत."

मी म्हटलं, खोडा.

कलम ५ रद्द. पेटी उद्या सकाळी दहा वाजता मी स्वतः नेणार. सुखदेव रिक्षा आणतील. सृष्टीला आज फोन करून सांगणार, उचलला तर. नाही उचलला, तरी पेटी जाणारच.

शेवटचं. सहीसाठी कागद पुढे आला आणि माझा हात थांबला. शंभूची सही येते, बाईंची येते, मुक्ताचीही येते. माझी कोणती, ते आठवेना. माझं अक्षरही असंच हरवलंय, म्हणून तर सुखदेव लिहून घेत आहेत. तेव्हा शिकलेला असून डाव्या हाताचा अंगठा उठवतो. हा तरी मला दुसऱ्या कोणाचा काढता येत नाही.

बद्रीनाथ लक्ष्मण उमरकर (डाव्या अंगठ्याचा ठसा)

आमच्यासमोर अंगठा उठवला:
१. सुखदेव वाघमारे (सही)
२. डॉ. शेफाली दामले (सही)

विश्रांतवाडी, पुणे
१३ नोव्हेंबर २०२५, दुपारी साडेबारा, झोपेच्या आधी