तलाठी भाऊसाहेबांचा पाहुणचार

ओवे, ता. पनवेल
११ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप मामांना मनिषाचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आणि मामींची म्हैस, दोन्ही आता सुरळीत चालत असतील, अशी आशा करते.

आईच्या हृदयाची झडप पावसाळ्यापूर्वी बदलायची आहे, हे आपण जाणताच. शासकीय योजनेतून ती मोफत बदलतील. मात्र आम्ही गरीब असल्याचा तहसील कचेरीचा दाखला हवा. त्यासाठी तलाठी भाऊसाहेब सोमवारी घर पाहायला येणार होते. गरिबी नेमकी कशावरून ओळखतात, याचे मला विलक्षण कुतूहल होते. छपरावरून? भांड्यांवरून? की माणसांच्या मुद्रेवरून? (पाठ्यपुस्तकात याविषयी अवाक्षर नाही.)

ते कळण्यापूर्वीच आईने घोटाळा केला. "सायेब दारान येनार न् बसाला खुर्ची नाय? लोकां काय बोलतील?" असे म्हणत तिने, धाप लागत असताना, शेजारच्या सोनाबाईंकडून खुर्च्या, त्यांच्या जावेकडून स्टीलची ताटे आणि समोरून टेबलफॅन आणवला. सोनाबाईंनी तर न मागता टीव्हीही आणून ठेवला. ("ऱ्हाऊ दे गो, भिंत बोडकी दिसते!") वर कोलंबीचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. विरोधासाठी मी मनात मुद्देसूद भाषण रचले होते, प्रत्यक्षात माझ्या तोंडून "भात वाढू का?" एवढेच बाहेर पडले.

भाऊसाहेब पोटभर जेवले, पंख्याच्या वाऱ्यात विसावले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं तर झकास चाललंय! दाखला कुणाला हवाय?"

आईला हा गौरव वाटला. "तुमची किरपा," ती म्हणाली.

बाबा मिठागरावरून परतले, तेव्हा सारे सामान उसने असल्याचा उलगडा झाला. भाऊसाहेब हसले खरे; पण पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन आणि जे दिसेल तेच लिहीन, असे बजावून गेले. (गरिबी कशावरून ओळखतात, हे विचारायचे राहूनच गेले.)

आपली भाची,
मनिषा

ता. क. : आई गुरुवारसाठी सोफा शोधत आहे. कृपया बुधवारीच येऊन तिला चार दिवस पेणला न्यावे. पत्र त्यासाठीच लिहिले.

ता. क. २ : आईला हे कळले. ती राजी आहे. मात्र भाऊ न्यायला येतो आहे, तर गावाला दिसेल अशी भाड्याची मोटार आणावी, असा तिचा निरोप आहे. मामा, एसटीनेच या. मोटार तिला शस्त्रक्रियेनंतर घरी आणताना अवश्य करा. तेव्हा साऱ्या गावाला मी स्वतः हाका मारीन.