फेट्याचं टोक

गुरुवार, संध्याकाळ

लढाई थांबल्यावर सुजित, माझा धाकटा भाऊ, पहिल्यांदाच सुट्टीवर आलाय. आज गावानं द्राक्षबागेतला ट्रॅक्टर धुऊन त्यावरून त्याची मिरवणूक काढली. गावात फेटे मीच बांधतो, म्हणून त्याचाही मलाच बांधावा लागला. भरतीत मी दोनदा छातीच्या मापात बाद झालो. त्याला पहाटे उठवून पळायला मी शिकवलं. आणि फेटा कुणाला?

बांधताना तो सांगत होता, "दादा, वरनं गोळं पडत हुतं, पण आमी चौकी सोडली न्हाई." सकाळपासून चौथ्यांदा. मी शेवटचं टोक खोचलंच नाही. मुद्दाम. भर चौकात सुटू दे, असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

सुटला नाही. पठ्ठ्यानं अख्खी मिरवणूक उजवा हात कपाळाशी धरून सावरला. उतरल्यावर हळूच एवढंच म्हणाला, "दादा, टोक खोचायचं राहिलं वाटतं घाईत."

आता आई मोबाईलवर फोटो बघत बसलीय. प्रत्येक फोटोत त्याचा हात कपाळाशी.

"कसा रुबाबात सॅल्यूट ठोकतोय बघ," म्हणाली.

मी व्हय म्हणालो.