दात्या दुसऱ्यांदा पळेपर्यंत

अण्णा, तुमचा दात्या मला बर्फाखाली भेटला. चेष्टा करत नाही. तोच लांबुडका जबडा, तेच आत वळलेले दात, आणि बाहेर काढल्यावर आपल्याकडे बघण्याची तीच तऱ्हा, जणू आपणच त्याच्या घरात न विचारता शिरलोय. शारजाच्या खडकांवर तुम्ही ज्याला दात्या म्हणायचात तो खाऱ्या पाण्यातला मासा. हा गोड्या पाण्यातला, कॅनडातला, नॉर्दर्न पाइक. दोघांचं नातं काही नसेल, पण चुलतभाऊ म्हणून ओळख करून दिली असती तर मी संशय घेतला नसता.

कॅनडात तुमची नात असते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी ती दुबईच्या अल मनखूलमध्ये जन्मली, तिथेच वाढली, आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला शिकली. शिकायला म्हणून तिकडे गेली आणि नोकरीसाठी थेट उत्तरेच्या एका गावात जाऊन बसली. गेलं वर्षभर फोनवर तिचं बोलणं आटत चाललं होतं. "कशी आहेस?" "फाइन." "जेवलीस?" "याह." "घरी कधी येतेस?" यावर नुसता पंख्याचा आवाज. शेवटी आमच्या हिने मला तिकीट काढून दिलं आणि विमानतळावर बजावलं, "नुसते विनोद करून परत येऊ नकोस. नीट विचार तिला, काय बिनसलंय. एकच मुलगी आहे आपल्याला."

तर मी असा प्रश्न खिशात घेऊन गेलो, आणि तिने मला दुसऱ्याच दिवशी गोठलेल्या तळ्यावर नेलं. अण्णा, उणे बावीस. नाकातले केस मोडतील असं वाटतं. गिरमिट तुम्ही पाहिलंय, पण कमरेएवढं पाहिलं नसेल. ते फिरवून तिने बर्फाला भोकं पाडली, आणि बुंदीच्या झाऱ्यासारखं काहीतरी घेऊन त्यातला चुरा काढला. प्रत्येक भोकावर एक टिप-अप. म्हणजे लाकडी पट्ट्यांची फुली, तिच्यातून खाली गेलेला दांडा, त्याला पाण्यात बुडालेलं रीळ, म्हणजे दोरी गोठत नाही. वर केशरी झेंडा, स्प्रिंगसकट वाकवून अडकवलेला. गळाला मेलेला मासा लावायचा आणि लांब जाऊन चहा पीत बसायचं. खाली पाइकने आमिष ओढलं की रीळ फिरतं, अडकण सुटते, झेंडा ताडकन उभा. मी बघतच राहिलो. हे तर तुमचे दुधाच्या पावडरीचे डबे!

शुक्रवारी सकाळी आपण खडकांवर जायचो. तुमच्या चार दोऱ्या चार खडकांना बांधलेल्या, प्रत्येक दोरीच्या ढिल्या भागावर एक रिकामा डबा, आत खडे. आणि तुम्ही समुद्राकडे पाठ करून बसलेले, थर्मासमधून बिनदुधाचा सुलेमानी चहा पीत. बाकीचे लोक पाण्याकडे डोळे लावून बसायचे, त्यांना तुम्ही हसायचात. मासा बघायचा नसतो, तो ऐकायचा, म्हणायचात. डबा खडखडला की मी झेप घेऊन दोरी ओढायचो, आणि दर वेळी हातात फाटलेलं आमिष. एके दिवशी तुम्ही थर्मास खाली ठेवलात आणि उठलातसुद्धा नाहीत. "ओढलास? अरे, त्याने घास आडवा धरला होता. घेऊन पळतो, थांबतो, तोंडातल्या तोंडात वळवतो, डोक्याकडून गिळतो, मग पुन्हा पळतो. तेव्हा ओढायचं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू माणसांशीही असाच बोलतोस. समोरच्याचं वाक्य अर्धं होत नाही तोवर तुझं उत्तर तयार."

ते तयार उत्तरच पुढे माझं पोट भरायला लागलं, हे तुमच्या कानावर घालायला हवं. मी जाहिराती लिहितो. वाळूत अजून पाया न घातलेल्या इमारतींना 'घर' म्हणण्याचं काम माझ्याकडे आहे. 'या, घरी परत या', असं मी अशा लोकांना लिहितो ज्यांनी ते घर पाहिलेलं नाही, कारण ते नाहीच. मी स्वतः डिस्कव्हरी गार्डन्समध्ये भाड्याने राहतो. इथे आता सोनेरी व्हिसे निघालेत. माझा अजून तुमच्यासारखाच, पत्र्याचा. नोकरी आहे तोवर आहे.

तर तळ्यावर पहिला झेंडा उठला आणि मी धावलो. दोन वेळा घसरलो, गुडघ्यांवर पोचलो आणि दोरी जोरात ओढली. हाताला एक जड, जिवंत हिसका लागला, आणि मग काही नाही. "बाबा! व्हाय डिड यू पुल?" ती मागून येऊन म्हणाली. "झेंडा म्हणजे त्याने फक्त तोंडात घेतलंय. ही हॅज टु टर्न इट. दुसऱ्यांदा पळेपर्यंत थांबायचं." तिला हे तिच्या घरमालकिणीने शिकवलं होतं. मी बर्फावर गुडघे टेकून तुमचं बोलणं तुमच्या नातीच्या तोंडून, अर्धं इंग्रजीत, ऐकत होतो. थंडीने डोळ्यांत पाणी आलं होतं. कारण द्यायला थंडी चांगली असते.

आम्ही पुन्हा उलट्या बादल्यांवर जाऊन बसलो. तिने थर्मासच्या झाकणात मला चहा ओतला आणि स्वतःच्या कपाकडे बघत म्हणाली, "मी सिटिझनशिपसाठी अप्लाय केलंय." अण्णा, माझ्या जिभेवर लगेच तीन विनोद आले. तिन्ही चांगले होते. त्यातल्या एकात इंग्लंडचा राजाही होता, ज्याची शपथ तिला आता घ्यावी लागणार. म्हणजे भारताचा पासपोर्ट जाणार, म्हणजे ती आता परत येणार नाही, म्हणजे विमानतळावर हिला काय सांगू, हे सगळं त्या विनोदांखाली होतं. मी झाकण दातांत धरलं. पायाखाली तळं गडगडलं; बर्फ ताणला की असा आवाज करतो म्हणे. तिने कपातला चहा संपवला, पुन्हा ओतला. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प फक्त दाताच्या डॉक्टरकडे बसलोय.

मग ती बोलायला लागली, आणि मराठीत. "आई रोज विचारते, घरी कधी येणार. कुठलं घर, बाबा? मनखूलच्या फ्लॅटमध्ये आता दुसरे लोक आहेत. डिस्कव्हरीचं घर तुझा जॉब आहे तोपर्यंत. रत्नागिरीच्या घरात मला गीझरचं बटण माहीत नाही. तू रिटायर झालास की तुम्हाला पण निघायचंय. आजोबांसारखं." मी मान हलवली. "मला एक जागा पाहिजे जिथून आपल्याला कोणी जा म्हणणार नाही. मला एकटीला नाही. आपल्याला. तू आणि आई याल?" आणि मग हळूच, "तू हसशील म्हणून फोनवर बोलत नव्हते."

तेवढ्यात दूरचा झेंडा उठला. आम्ही दोघंही धावलो नाही, चालत गेलो. रीळ फिरलं, थांबलं. ती दोरीला बोट लावून उभी. मी तुम्हाला पाहत होतो, तुमच्या शेवटच्या शुक्रवारी. व्हिसा संपत आला होता, तुम्ही दोऱ्या गुंडाळल्यात, डबे माझ्या हातात दिलेत, "खलास" म्हणालात आणि हसलात. मीही काहीतरी चुरचुरीत बोललो असेन, आठवत नाही. पुढे रत्नागिरीत, आई सांगायची, तुम्ही संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे पाठ करून बसायचात. दोरी नाही, डबा नाही. काय ऐकत होतात? इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारतोय, आणि तेही इथे.

रीळ पुन्हा पळालं. तिने ओढलं, हातामागे हात टाकत, आणि भोकातून दात्या वर आला, हिरवट, ठिपक्याठिपक्यांचा, संतापलेला.

मी तिला उत्तर दिलं नाही. निघताना तिने एक टिप-अप माझ्या बॅगेत कोंबला आणि म्हणाली, "टेक युअर टाइम, बाबा." घरी आल्यावर हिने विचारलं, "मग तू काय म्हणालास?" "काही नाही." "तू? काही नाही?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग सगळं ऐकल्यावर त्या संध्याकाळी ती बाल्कनीत बराच वेळ उभी राहिली. टिप-अप आता तिथेच आहे. केशरी झेंडा पाहून शेजारच्या गृहस्थांनी शिवजयंतीची वर्गणी कुठे द्यायची ते विचारलं.

ऑगस्ट चालू आहे. ती दर रविवारी फोन करते, तळ्याबद्दल बोलते, घरमालकिणीच्या कुत्र्याबद्दल बोलते, आता भरभरून बोलते. तो प्रश्न मात्र एकदाही काढत नाही. दोरी ढिली सोडून बसली आहे, आणि इकडे मी घास आडवा धरून थांबलोय. तुम्ही असतात तर कोणाच्या बाजूला बसला असतात कोण जाणे.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र टाकलं नसतं. तुम्ही वाचून नुसतं "बरं" म्हणाला असतात. पण हिलाही अजून सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. काल बाहेर डांबर पाघळत असताना मी मॉलमध्ये जाऊन लोकरीच्या आतल्या कपड्यांचे दोन जोड घेतले. एक माझ्या मापाचा, एक हिच्या. काउंटरवरच्याने पिशवीत भरता भरता विचारलं, "सर, बर्फ में जा रहे हो?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."