उशी कुणीकडे

४ फेब्रुवारी
पलंग मिळाला! म्हणजे अर्धा. कापून नव्हे — दिवसा माझा, रात्री दुसऱ्या बाईचा. मी रात्रपाळीला, ती दिवसपाळीला. ती उद्यापासून येणार. मी पोचेन तेव्हा ती गेलेली, ती येईल तेव्हा मी निघालेली. घरमालकीण म्हणाली, "चादर आपापली, उशी एकच." या देशात माणसं इतकी, की पलंगालाही दोन पाळ्या!
आईला फोनवर सांगितलं. "अगं बाई, म्हणजे सवतच की ही!" झालं, ठरलं नाव. सवत.

८ फेब्रुवारी
खोली म्हणजे पलंग, खिडकी आणि दोन खुंट्या. दार पूर्ण उघडायचं तर आधी पलंगावर चढायचं. समोरच्या इमारतीतली बाई कांदा चिरते आणि झोंबतं माझ्या डोळ्यांना. रस्त्यात मी चालत नाहीच, गर्दी मला नेऊन सोडते. आणि तरी "जरा सरका" याखेरीज आठवडाभर माझ्याशी कुणी बोललेलं नाही.
मोबाइलवर दिशा पाहिली. खिडकी दक्षिणेला. मग उशी खिडकीकडेच. दक्षिणेला पाय करून झोपायचं नाही, ती यमाची दिशा — लहानपणी आईने भर झोपेत फिरवून निजवलंय मला. देश बदलला म्हणून यमाने काय पत्ता बदललाय?

९ फेब्रुवारी
उशी दाराकडे! सवतीचं काम. परत खिडकीकडे घेतली.

१० फेब्रुवारी
पुन्हा दाराकडे. कमाल आहे बाईची!

१७ फेब्रुवारी
रोज तेच. मी फिरवते, ती फिरवते. हट्टी कुठली! चेहरा पाहिलेला नाही अजून, पण डोळ्यांपुढे येते — उंच, नाकाडी, भांडकुदळ.
त्यात ते ऊन. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून भर दुपारी नेमकं माझ्या तोंडावर. ओढणी घेऊन पडते, पण झोप कसली, नुसती कूस बदलायची. काल लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालता घालता त्यांच्यावरच मान टाकली. सुपरवायझरबाईंनी पाहिलं. "अशाने दिवसपाळी कशी देऊ तुला?"
दिवसपाळी मला हवीच आहे. मी मोकळी असते तेव्हा लेक तिकडे गावी शाळेत, ती घरी येते तेव्हा मी कामावर. परवा आजीला विचारत होती म्हणे, "आई दिवसा का झोपते? आजारी आहे का?"

२६ फेब्रुवारी
ताप. कामाला गेले नाही. संध्याकाळी सवत आली — एकदाची पाहिली! ही एवढीशी, गालांवर खळ्या, मोज्यांना भोकं. मी उठायला लागले तर खांदे धरून परत निजवलं. स्वतः खाली बसली आणि पलंगाला टेकून झोपली.

२७ फेब्रुवारी
ताप उतरला. सकाळी निघताना तिने उशी ओढली — चक्क माझ्या डोक्याखालून! मी घट्ट धरून ठेवली. इथल्या भाषेत दोघीही लंगड्या. तिने समोरच्या फटीकडे बोट दाखवलं, मग माझ्या डोळ्यांवर तळवा ठेवला. "दुपारी ऊन. तू झोप नाही."
"आणि तू? तू रात्री डोकं कुठे?"
"खिडकी! वारा छान."
म्हणजे ती स्वतः खिडकीकडेच झोपत होती. आणि रोज कामावर जाताना, कधी न पाहिलेल्या बाईसाठी उशी फिरवून ठेवत होती. आणि मी तिला इथे काय काय म्हणून बसलेय! बरं तर बरं, तिला मराठी येत नाही.
यम समजवायला मला मेल्याचं सोंग करावं लागलं. इतकी हसली की तिला उशीर झाला. जाताना उशी खिडकीकडेच राहू दिली, आणि स्वतःची काळी शाल खिडकीवर अडकवून गेली. काय झोपले मी आज!

१४ मार्च
दिवसपाळी मिळाली! परवापासून. लेकीला फोन केला, रोज संध्याकाळी गोष्ट सांगायचं कबूल केलं. किंचाळलीच ती.
मग डोक्यात प्रकाश पडला — आता रात्री पलंग दोघींना हवा! घरमालकिणीकडे गेले. "तुम्ही आधी आलात, पलंग तुमचा. तिला दुसरीकडे बघायला सांगते." किती सहज म्हणाली.

१५ मार्च
संध्याकाळी ती येईपर्यंत थांबले आणि तिला मीच सांगितलं. "छान! रोज मुलगी, रोज गोष्ट!" म्हणाली, आणि खुंटीवरचे कपडे पिशवीत भरायला लागली. कुठे जाणार ही? हा अर्धा पलंग मिळवायला माझ्या चपला झिजल्या होत्या. मला रडूच आलं. पिशवी हिसकावून घेतली.

१६ मार्च
घरमालकिणीला सांगितलं, दोघी राहू. "एका पलंगावर दोघी? सख्ख्या बहिणी असत्या तर गोष्ट वेगळी."
"सख्ख्याच आहोत."
"तोंडं एवढी वेगळी?"
"ती वडिलांवर गेलीय."
घरमालकिणीने एकदा मला, एकदा तिला न्याहाळलं आणि शेवटी "राहा" म्हणाली. शेजारी आमची सवत, काही न कळता, जोरजोरात मान हलवत होती.

१७ मार्च
काल पहिली रात्र. लेकीला फोनवर गोष्ट सांगून आले, पाहते तर उशी माझ्यासाठी सोडून ही उलटी झोपलेली — डोकं दाराकडे, पाय खिडकीकडे. दक्षिणेला! गदागदा हलवून उठवली, फिरवली, माझ्या उशीवर ओढून घेतली. कूस बदलायला जागा नाही आणि बया घोरते. घोरू दे. एवढ्या माणसांच्या या देशात माझं म्हणावं असं हे एकच माणूस. त्याचे पाय यमाकडे कसे होऊ देईन!